सतरा नंबरात गळत होतं

संध्याकाळी सामान ठेवायला भाड्याने दिलेल्या खोल्या बंद करताना मालकांचा एक शिरस्ता होता. प्रत्येक शटरवर दोनदा टकटक करायची आणि विचारायचं, "आत कोणी आहे का?" एखादा भाडेकरू आत राहून गेला तर पंचाईत. बहुतेक खोल्या गप्प असत. सतरा नंबरातून मात्र उत्तर यायचं, "निघतोच."

तिथे एक म्हातारे फोटोग्राफर दिवसभर बसून असत. बायको गेल्यावर त्यांनी घर लहान केलं आणि तिचे चाळीस वर्षांचे फोटो इथे आणून ठेवले. एका पावसात छत गळलं, खोके भिजले आणि फोटोंतला तिचा चेहरा पुसून गेला.

गळती मालकांना ठाऊक होती. दुरुस्ती आज करू, उद्या करू म्हणत राहून गेली होती. म्हाताऱ्यांनी केलेल्या दाव्याची नोटीस आली तशी त्यांनी घाईघाईने भिंत रंगवून घेतली. वकिलांनी पढवलं, खोके आणतानाच ओले होते म्हणा. कोर्टाच्या दारात म्हातारे एवढंच म्हणाले, "भरपाई राहू द्या. गळत होतं, एवढं कबूल करा. मीच तिला जपलं नाही, असं नका ठरवू." मालकांनी मान फिरवली, आत जाऊन शपथेवर खोटं सांगितलं आणि दावा जिंकला.

महिन्याभरात म्हातारे गेले. भाचीने येऊन खोली रिकामी केली. तेव्हापासून मालकांना अन्न गोड लागेना.

पुढच्या सोमवारी त्यांचा हात सवयीने सतरा नंबरावर पडला. "आत कोणी..." म्हणता म्हणता त्यांनी जीभ चावली. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. मग थेंब पडल्याचा आवाज. मग अगदी हळू, "गळतंय..."

मालकांची बोबडी वळली. त्यांनी शटर वर केलं. खोली रिकामी होती, कोरडी ठणठणीत.

रोज तेच. पाचव्या दिवशी शटरला कपाळ टेकवून ते म्हणाले, "चुकलं माझं, काका. गळत होतं."

मग आतून, "लिहून द्या..."

ऑफिसात बसून त्यांनी सगळं लिहिलं. छत, रंग, खोटी शपथ. लिहिताना डोळे भरून आले. सहीसाठी पेन टेकवलं आणि वकील आठवले. सही केलेला कागद उद्या कोणाच्याही हाती लागेल. त्यांनी पेनला टोपण लावलं आणि कागद तसाच शटरखालून आत सरकवला.

सकाळी कागद शटरच्या बाहेर पडला होता, चिंब भिजलेला. शाई पार फुटली होती, एक अक्षर लागत नव्हतं. खाली उजव्या कोपऱ्यात मात्र सहीपुरती जागा कोरडी राहिली होती.