होनमाळच्या कुरणाची सनद

ते साल एकोणीसशे एकतीस. आदल्या वर्षीच्या मार्शल लॉची धास्ती सोलापूरच्या अंगावरून अजून पुरती उतरली नव्हती. गिरणीचा भोंगा जरा अवेळी झाला तरी बायका दारं लावून घेत. त्या साली दसऱ्यानंतर वीस दिवसांनी वीरभद्रप्पा वकिलांच्या माडीवर एक बांबूची नळी उघडली आणि होनमाळच्या धनगरांचं कुरण एका शब्दानं गेलं.

"परत वाच," धुळा म्हणाला.

त्याच्या मुलानं, गुंडानं, परत वाचलं. "सदरहू कुरण यास हयातीपुरते चालवावे."

"हयातीपुरतं म्हंजी?"

"ज्याला दिलं तो जिता आहे तोवर, आबा. तो गेला की सरकारचं."

"त्यो जाऊन सव्वाशे वर्सं झाली की," धुळा म्हणाला आणि खाली बसला.

होनमाळ मंद्रूपच्या वाटेवर. पेशवाईत फौजेला घोंगड्या पुरवल्या म्हणून धनगरांना मिळालेलं कुरण आता सरकी काढणाऱ्या एका नव्या कंपनीला कारखान्यासाठी हवं होतं. पाच दिवसांनी प्रांतसाहेबांपुढं सुनावणी होती, आणि धनगरांकडं पुरावा एकच, ही पेशवाईतली सनद. ती सनद बिरोबाच्या देवळात नळीत असे. दर दसऱ्याला बाहेर काढायची, भंडारा लावायचा, पुन्हा गुंडाळायची. वाचायची नाही, कारण मोडी वाचता येणारा पूर्वी गावात कुणी नव्हता.

गुंडा इतिहास घेऊन एम.ए. झालेला. त्याच्या शिक्षणापायी कळपातली ऐंशी मेंढरं गेली होती. पुण्याहून परतून दोन वर्षं झाली तरी शाळांत जागा नव्हती, आणि दप्तरखान्यातून छापील उत्तर आलं होतं: नाव नोंदवून ठेवले आहे. तोवर तो वकिलांकडं अर्ज खरडत होता. "इतिहास शिकून मानसं काय हुत्यात रं?" त्याची आई कस्तुराबाई विचारी. "म्हातारी बी जुनंच सांगत्यात की. ती कुटं शिकली?"

"कागद बदललाय," गुंडा म्हणाला. "चार वर्षांमागं दसऱ्याला भंडारा लागायच्या आत मी पहिल्या ओळी वाचल्या होत्या. 'वंशपरंपरेने' असं होतं."

"मग नक्कल केली असशील की," वकील म्हणाले.

पुण्यात गुंडानं परक्यांच्या शेकडो मोडी कागदांच्या बाळबोध लिपीत नकला केल्या होत्या. घरचा कागद कुठं जातोय, असं त्याला वाटलं होतं.

वकिलांनी टिपण घ्यायला कागद ओढला, बोरूनं आधी या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ मारली आणि तिच्याखाली भराभर मोडी लिहू लागले. गुंडानं सनद खिडकीशी नेली. कागद जुना. भंडाऱ्याचे डाग. खाली शिक्का, तो निःसंशय खरा. मजकूर आणि शिक्का यांच्यामध्ये जोड होता. जुन्या कागदांना असे जोड असतातच. शेवटच्या ओळीत तीनच शब्द. त्यांच्यावरची रेघ शब्दांबरोबर संपलेली, पुढं कागद कोरा. मागं कापडाचं अखंड अस्तर, आणि खळीला मोरचुदाची निळसर झाक.

अस्तर नबीसाबचं होतं. दसऱ्याला कागदाच्या कडा कसरीनं खाल्लेल्या दिसल्या, म्हणून धुळानंच तो शहरात या बुकबांधणीवाल्याकडं टाकला होता.

नबीसाबचं दुकान किल्ल्याच्या बाजूला. म्हातारा पुठ्ठे कापत बसला होता.

"चाचा, सनद तुमच्याकडं किती दिवस होती?"

"आठ दिन. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकला. का रे, निघालं की काय अस्तर?"

"अस्तर घट्ट आहे. ते लावायच्या आधी कागद कुणी नेला होता?"

"दोघांनी. पयले तुझे वकीलसाब. त्यांचा कारकून आला, दुसऱ्या दिवशी आणून दिला. मग तुझा दोस्त रावजी. एक दिवस नेला."

"तुम्ही दिलात?"

"तुम्हा दोघांचे प्रबंध मीच बांधले की. एकाच कापडात, एकाच दिवशी. त्याला ना कसा म्हणू? आनि त्यानं काय, नेहमीसारखे जुने कोरे कागद नेले चार. तू बी न्यायचास."

बाहेर पडल्यावर धुळा म्हणाला, "वकील. कंपनीचा मालक, त्यो श्रीमंत नावाचा हाय न्हवं, त्यो त्येचा सोयरा लागतो. आन मोडी तर असं लिवतो, जसं पानी वाहतंय."

"रावजी पण आहे, आबा."

"गप. त्येच्या घरी जेवलायस तू."

वकिलांना गुंडानं सरळ विचारलं. ते चष्म्यावरून बघत राहिले. "आणवला होता. पण त्या दिवशी अक्कलकोटला तारीख निघाली. नळी उघडलीसुद्धा नाही." मग हळूच म्हणाले, "सोयरिकीचं मनात आलं वाटतं तुझ्या. येऊ दे. वकिलानं अशील निवडावा, सोयरे निवडता येत नाहीत."

रावजी बाळी वेशीजवळ दोन खोल्यांत राही. पुण्यात दोघं एका खोलीत राहिले होते, एकाच म्हाताऱ्या कारकुनाकडं मोडी वाचायला शिकले होते. दार रावजीची बायको राजाबाई हिनं उघडलं. दोन्ही मुलींच्या अंगावर नवे परकर होते.

"भावजी, यांना नोकरी लागली, ऐकलं का?" ती म्हणाली.

"कुठं रे रावज्या?"

"आहे एक पत्रव्यवहाराची. पक्की झाली की सांगतो," रावजी म्हणाला. "तू एवढा का उतरलास?"

गुंडानं सांगितलं.

"माझ्याकडं होता खरा एक दिवस. होता तसा परत दिला."

"नक्कल केलीस?"

"नाही रे. सवडच झाली नाही. तू वकिलाला विचार."

राजाबाईनं शेंगाची चटणी नि भाकरी पुढं केली. गुंडा जेवला. परतताना तो तलावाच्या काठाला बराच वेळ बसला, आणि पुढचे तीन दिवस वकिलांकडचे जुने मोडी कागद काढून ओळ न् ओळ न्याहाळत राहिला.

सुनावणीला होनमाळची पंचवीस-तीस माणसं खांद्यावर घोंगडी टाकून प्रांत कचेरीबाहेर बसली होती. आत एका बाजूला कंपनीचा मालक श्रीमंत. त्याच्या शेजारी, सनद वाचून अर्थ सांगणारा जाणकार म्हणून, रावजी. नव्या कोटात. वकिलांनी गुंडाकडं पाहिलं. गुंडाला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"साहेब, सनद खोटी आहे. मला तीन माणसांकडून एकेक ओळ लिहून हवी," तो म्हणाला.

प्रांतसाहेबांनी हरकत घेतली नाही. वकील, रावजी आणि खुद्द गुंडा, तिघांना तीन शब्द सांगितले: कुरण चालवीत जावे.

वकिलांनी कडेपासून कडेपर्यंत रेघ मारली आणि शब्द तिला टांगले. शब्द संपले तरी रेघ पुढं मोकळीच धावत होती.

गुंडानं आधी तीन शब्द लिहिले, मग त्यांच्या डोक्यावर रेघ दिली. रेघ शब्दांबरोबर संपली.

रावजीनं टाक उचलला आणि तो तसाच धरून बसला.

"लिहा," प्रांतसाहेब म्हणाले.

रावजीनं ते दोन कागद पाहिले. तो इतिहासाचा हुशार विद्यार्थी होता. काय चाललंय ते त्याला इतर कुणाहीपेक्षा आधी कळलं. त्यानं टाक खाली ठेवला.

"सांगा आता," प्रांतसाहेब गुंडाला म्हणाले.

"अस्तर अखंड आहे, साहेब. म्हणजे कागद बदलला तो अस्तर लावायच्या आधी, नबीसाबच्या दुकानात असताना. त्या दिवसांत तो दोघांकडं गेला. एक हे वकील. पण जन्मभर मोडी लिहिणारा माणूस आधी सबंध ओळीची रेघ ओढतो. जुने कारकून असंच करायचे. एकही अस्सल कागद याला अपवाद नाही. या सनदेची शेवटची ओळ बघा. रेघ शब्दांपाशी थांबली आहे. हा हात शाळेत बाळबोध गिरवलेल्या माणसाचा. मोडी तो फक्त वाचायला शिकला. लिहायची वेळच कधी आली नाही. त्यानं अक्षरं हुबेहूब काढली, पण रेघ सवयीनं शेवटी दिली."

"तुम्हीही तशीच दिलीत."

"होय. आम्ही शाळेत बाळबोधच गिरवलं, मोडी पुण्यात वाचण्यापुरतं शिकलो. या सनदेशी संबंध आलेले असे दोघेच आहोत, एक मी आणि एक हा. मी माझ्याच बापाचं कुरण कशाला बुडवीन?"

"आणि शिक्का?"

"खरा आहे. अस्सल सनदेचा तेवढा तुकडा कापून नव्या मजकुराखाली लावलाय. जुने कोरे कागद नबीसाबकडचेच. दिवसभर सनद घरी होती आणि नक्कल केली नाही, असं हा म्हणाला. इतिहासाच्या माणसाला ते जमत नाही, साहेब. नक्कल त्यानं केली. एक शब्द सोडून."

श्रीमंत ताडकन उठला. "मला यातलं काही ठाऊक नाही. यानं कागद बघतो म्हटलं, मी बघ म्हटलं."

रावजी हसल्यासारखा झाला. "दोन वर्षं दाखला घेऊन फिरलो, गुंड्या. तुझ्या शिक्षणाचा उपयोग काय, असं सगळे विचारायचे. उपयोग आहे म्हणणारा हाच पहिला भेटला."

"बाकीची सनद कुठाय?" गुंडानं विचारलं.

"चुलीत. त्याच दिवशी."

प्रांतसाहेबांनी दोन दिवसांनी निकाल दिला. सनदेतला मजकूर बनावट ठरला. पण खऱ्या मजकुरात काय होतं, याला गुंडाच्या आठवणीपलीकडं पुरावा नव्हता, आणि गुंडा पक्षकाराचा मुलगा. नुसत्या शिक्क्यानं जमीन मिळत नाही. कुरण सरकारजमा झालं. सहा महिन्यांनी त्याचा लिलाव निघाला, आणि तो त्याच कंपनीनं घेतला.

निकालाच्या दिवशी कचेरीबाहेर कस्तुराबाई बसली होती. निकाल ऐकून ती म्हणाली, "म्हंजी आपुन खरं ठरलो?"

"व्हय, आये."

"मग मेंढरं कुटं चारायची?"

धुळानं त्या उन्हाळ्यात कळप भीमेपलीकडं कानडी मुलखात नेला. तिकडंच पुढच्या साली तो तापानं गेला. कस्तुराबाई मागं राहिली, आणि त्याच कारखान्यात सरकी वेचायला जाऊ लागली. श्रीमंतवर काहीच शाबीत झालं नाही. त्याला पुढं रावसाहेब म्हणू लागले. रावजीला दोन वर्षांची सजा झाली. सुटल्यावर तो निजामाच्या मुलखात कुणा जहागीरदाराच्या मुलांना शिकवायला गेला म्हणतात; राजाबाई मुलींना घेऊन माहेरी वैरागला राहिली आणि त्याचं नाव कुणाला घेऊ देत नसे. नबीसाबनं अनोळखी हातात तर राहोच, ओळखीच्या हातातही पुन्हा कुणाचा कागद दिला नाही. वीरभद्रप्पांनी धनगरांकडून फी घेतली नाही, पण गुंडाला मात्र दुसरीकडं काम बघायला सांगितलं. संशय घेतलेला माणूस रोज समोर नको, एवढंच म्हणाले.

गुंडा जकात नाक्यावर कारकून झाला आणि तिथंच पेन्शनीत निघाला. एकदा, पस्तीस साली असेल, त्यानं आठवत होत्या तेवढ्या सनदेच्या ओळी लिहून काढल्या, त्यांवर एक टिपण लिहिलं आणि पुण्याच्या एका संशोधन मंडळाकडं धाडलं. महिन्याभरानं ते परत आलं. वर लाल शाईत शेरा होता: मूळ कागद पाहावयास मिळाल्याशिवाय प्रसिद्ध करता येत नाही.

शेरा बरोबरच होता. गुंडा त्या खुर्चीत असता तर त्यानंही तोच दिला असता.