खिडकीकडची तिसरी रांग

पेन गायब झालं होतं!

आणि कुणाचं? ज्या लेखकाचं जन्मघर बघायला अख्खी बस एवढ्या लांब परदेशात आली होती, त्याचंच. वरच्या मजल्यावर त्याचं टेबल होतं, दौत होती, टीपकागद होता. पेनाची खाच तेवढी रिकामी.

घराच्या व्यवस्थापकानं फाटक लावून घेतलं. सगळ्यांच्या पिशव्या उलट्या केल्या. मग तो बसमध्ये चढला आणि पाचच मिनिटांत पेन घेऊन खाली उतरला.

सापडलं कुठं, तर तिसऱ्या रांगेत, खिडकीच्या सीटखाली. गादीच्या फटीत, पार आत कोंबलेलं.

ती सीट मावशीची.

मावशी अंगणातल्या बाकावर बसली होती, दुखरा गुडघा धरून. सकाळी सगळे एक रांग पुढं सरकले तेव्हा कसली खूश झाली होती! "तिसरी रांग गं, ठिणगे! आता डोंगर नीट दिसतील." आणि आता सगळे तिच्याकडंच बघत होते.

"या बाई इथंच थांबतील," व्यवस्थापक मोठ्यानं म्हणाला. "चोरीची तक्रार होईल. पोलीस येतायत. बाकीच्यांनी निघावं."

ठिणगीनं मावशीला मराठीत सांगितलं. ठिणगी म्हणजे तिची भाची. खरं नाव कुणी घेतच नव्हतं.

टूर मॅनेजर धावत आला. "मावशी, वाढवायला नको. चुकून उचललं म्हणा, वयामुळं लक्षात राहिलं नाही म्हणा. मी मिटवतो."

"चुकून?" मावशी ताठ झाली. "अख्खी नोकरी पोरांच्या कंपासपेट्या सांभाळण्यात गेली माझी. एक खोडरबर घरी आलं नाही. चुकून म्हणे!"

"म्हातारपणी होतो मोह," सर हळूच म्हणाले. सर म्हणजे कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक. ताडमाड उंच. सबंध प्रवासभर या लेखकावर त्यांचं व्याख्यान चालू होतं.

ठिणगी बसच्या दारात जाऊन आडवी उभी राहिली.

"मावशीशिवाय बस हलणार नाही. हलवायची असेल तर माझ्या अंगावरून न्या!"

"अहो ताई, पुढचं हॉटेल..."

"हॉटेल गेलं खड्ड्यात!"

मग ती व्यवस्थापकाकडं वळली. "मावशी वरून खाली आल्यावर कुठं गेली?"

"इथं बाकावर. मीच पाणी आणून दिलं."

"उठली कधी?"

"नाही."

"बसपर्यंत गेली?"

तो थांबला. "नाही. पण साथीदार असेल. तुम्हीसुद्धा."

"मी तुमच्या पुस्तकाच्या दुकानात होते. तुमच्या काउंटरवाल्या बाईंना विचारा."

बाईंनी दारातूनच मान हलवली. ही पोरगी सगळं दुकान चाळून बसली होती.

"मग पेन काय पायांनी चालत गेलं?" व्यवस्थापक म्हणाला.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. ठिणगीनं ड्रायव्हरला गाठलं. बसमध्ये कोण कोण येऊन गेलं? ड्रायव्हरनं बोटांवर मोजून सांगितलं. उंच सर, टोपी घ्यायला. मॅनेजर, माईक ठेवायला. आणि नवरदेव, म्हणजे हनिमूनवाल्या जोडीतला, बायकोसाठी पाण्याची बाटली घ्यायला.

"पेन कशात गुंडाळलं होतं?"

व्यवस्थापकानं दाखवलं. फेल्टची खोळ. त्या घरात लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून प्रत्येकाला बुटांवर तसल्या दोन खोळी चढवायला लावत. बाहेर पडताना दारातल्या पेटीत टाकायच्या. ही खोळ निळ्या काठाची होती.

ठिणगीचे डोळे चमकले.

"मावशीच्या खोळी पिवळ्या काठाच्या होत्या. माझ्याही. मॅनेजरच्याही. निळा काठ म्हणजे सगळ्यांत मोठं माप. ते फक्त दोघांना लागलं, आठवतंय? सर आणि नवरदेव."

"ओ, माझं नाव कशाला?" नवरदेव घाबरला. त्याच्या बायकोनं त्याचा हात घट्ट धरला.

"थांबा हो. मला सांगा, मावशीला अडकवायचं असतं तर पेन तिच्या पर्समध्ये टाकलं असतं. पर्स वर रॅकवरच होती. पण ते गादीच्या आत कोंबलं. म्हणजे लपवलं. मग परत काढणार कधी? तिथं तर मावशी बसणार!"

ती मागच्या रांगेतल्या काकूंकडं वळली.

"आपण रोज सकाळी काय करतो?"

"एक रांग पुढं सरकतो!" मागच्या काकू ओरडल्या. "आणि पहिली रांग जाते सगळ्यांत मागं!"

"बरोब्बर! आज झडती झाली तर अडकेल मावशी. नाहीच झाली, तर उद्या चोर आपोआप त्याच गादीवर! नवरदेव पहिल्या रांगेत आहेत. ते उद्या शेवटी जाणार. मॅनेजर तर पुढं ड्रायव्हरजवळच असतात. चौथ्या रांगेत, मावशीच्या बरोब्बर मागं, खिडकीत कोण बसतं?"

सगळ्या माना सरांकडं वळल्या.

"हा तर्क झाला," सर हसले. "पुरावा कुठाय?"

"पेटी ओता," ठिणगी म्हणाली.

व्यवस्थापकानं पेटी उलटी केली. पिवळ्यांचा ढीग. निळ्या तीन. नवरदेवाच्या बायकोनं त्याची जोडी एकमेकींत खोचून टाकली होती, ती तशीच निघाली. उरली एक. एकटी.

"सर, तुमची दुसरी?"

सरांचं हसू गेलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"काचसुद्धा नाही हो त्यावर," ते एकदम चिडून म्हणाले. "कुणीही येतं, फोटो काढतं, जातं. यांना त्याची एक ओळ माहीत नाही. मी जन्मभर त्याला शिकवला!"

"आणि त्याच्या घरात मला चोर करून मोकळे झालात," मावशी म्हणाली. "त्याच्या पुस्तकांतनं हेच घेतलंत होय?"

ठिणगीनं ते सगळं व्यवस्थापकाला सांगितलं. तो सरांचा दंड धरून त्यांना आत घेऊन गेला. परत आला तेव्हा घाईत होता.

"ठीक आहे. बाईंनी आता जायला हरकत नाही."

मॅनेजर खूश. "चला चला, मावशी! सुटलो!"

मावशी हलली नाही.

"मी नाही येत. सगळ्यांच्या देखत चोर म्हणाला ना तो? आता सगळ्यांच्या देखत माफी मागेल. तेवढ्याच मोठ्यानं. नाहीतर बोलव म्हणावं पोलिसांना, मीच तक्रार देते."

ठिणगीनं शब्दन् शब्द सांगितला. व्यवस्थापकानं घड्याळ बघितलं. मॅनेजरनं कपाळ धरलं. तेवढ्यात मागच्या काकू बसच्या पायरीवरून परत खाली उतरल्या आणि मावशीच्या बाकामागं येऊन उभ्या राहिल्या. मग नवरदेव आणि त्याची बायको. मग बाकीचे सगळे, एकेक करत.

व्यवस्थापक लाल झाला. घसा खाकरला. आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. चूक त्याची होती, बाईंचा काहीही दोष नव्हता, तो त्यांची माफी मागतो.

ठिणगी मराठीत सांगायला वळली. मावशीनं हात वर केला.

"राहू दे. एवढं कळतं मला."

मग ती उठली.