शेडमधला शांतबिंदू

हिंदुराव चौगुल्यांच्या शेडमधला धूळओढ पंखा सुरू झाला की ध्वनिमापकावर आकडा यायचा शहाऐंशी. तीन आठवड्यांच्या खटाटोपानंतर तो एकसष्टवर आला. हिंदुराव त्या एकसष्टवर बेहद्द खूश होते. वॉर्डाचा शांतता कक्ष अजिबात खूश नव्हता.

छत्तीस वर्षं कोल्हापूरच्या एका फौंड्रीत लाकडी पॅटर्न बनवलेला हा माणूस. ज्या नमुन्यावरून ओतकामाचा साचा उठवतात, तो लाकडी नमुना. त्यात केसाएवढी चूक चालत नाही. निवृत्ती आली, पाठोपाठ बायको गेली, मुलगी तर कधीच पुण्याला जाऊन स्थिरावली होती. मग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी करवत, रंधा आणि लेथ मांडला. आठ वर्षं झाली. शेडमध्ये आता सतरा स्टुलं होती आणि बसणारा एक.

डॉक्टरांनी एकच अट घातली होती. "भुसा झाडून काढता येतो, चौगुले. पूड नाही. ती फुप्फुसात जाऊन बसते. पंख्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही." म्हणजे पंखा बंद तर काम बंद, आणि काम बंद तर हिंदुरावांनी सकाळी उठून करायचं काय, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

आणि नेमकी नोटीस आली ती त्या पंख्यावरच. शहरात प्रत्येक वॉर्डाला शांतता कक्ष आल्यापासून अशा नोटिसा घरोघरी येत होत्या. तक्रारदार: श्रीमती राजमती मगदूम, शेजारील घर. त्यांच्या कानाशी आवाज तीस डेसिबलच्या आत हवा, मुदत कानाशी मोजणी सुरू झाल्यापासून तीस दिवस. नाहीतर शेडची वीज तोडणार.

हिंदुरावांना राग आला त्यापेक्षा वाईट जास्त वाटलं. इतक्या वर्षांची सामाईक भिंत! मगदूम मास्तर होते तेव्हा दोन्ही घरांत येणंजाणं होतं. हिंदुरावांची बायको गेली, मास्तर गेले, आणि मागे राहिलेल्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं काय, हे कुणालाच सुचलं नाही. फाटकाशी भेट झाली की "बरं हाय न्हवं?" आणि "हाय की." एवढंच. तरी सरळ येऊन सांगायचं होतं! मी काय खाणार होतो का त्यांना? नोटीस आली त्या दिवसापासून हिंदुरावांनी तेवढं "बरं हाय न्हवं?"सुद्धा बंद केलं.

आणि कामाला लागले. पंखा शेडबाहेर मागच्या आडोशाला नेला, खाली जाड रबर घातलं, भोवती लाकडी खोका केला आणि त्याला आतून काचलोकर लावली. चार इंची पाइप काढून सहा इंची टाकला. काटकोनी वळणं जिथंजिथं होती, तिथं हवा सावकाश वळेल असे बाक दिले. चिरका, शिट्टीसारखा आवाज सगळा गेला. उरली ती एक खर्जातली घुमी. ती काही केल्या जाईना.

तेव्हा कक्षाच्या पत्रावरून विद्यापीठाच्या ध्वनी प्रयोगशाळेतून डॉ. तहसीन शिकलगार आल्या. चाळिशीच्या, गळ्यात दुपट्टा, खिशात स्क्रूड्रायव्हर. त्यांनी आधी खोका उघडून बघितला.

"काका, हे कुणी केलं?"

"मी."

"आमच्याकडं असं काम करणारा एक माणूस नाही." त्यांनी खोका बंद केला. "पण घुमी तुमच्या हातची नाही. बारीक आवाज भिंत अडवते. घुमणारा आवाज भिंतीला विचारतच नाही. त्याची एकेक लाट साडेतीन मीटर लांब."

"मग?"

"मग बरोबर तशीच उलटी लाट सोडायची. तुमचा पंखा हवेला ढकलेल त्या क्षणी आमचा भोंगा तिला ओढेल. दोन्ही मिळून शून्य. याला आम्ही प्रतिनाद म्हणतो."

हिंदुरावांनी पेन्सिल कानामागे खोचली. "शून्य कुठं?"

तहसीनबाई हसल्या. "हा प्रश्न माझे विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला विचारतात. शून्य एकाच ठिकाणी, काका. लाटेच्या दहाव्या भागाएवढ्या जागेत, म्हणजे फूटभर. तो शांतबिंदू. तो ऐकणाऱ्याच्या कानाशी ठेवायचा, आणि कान हलला की त्याच्या मागोमाग हलवायचा. त्यासाठी ही टिकली." त्यांनी तळहातावर मसूराएवढी काळी टिकली दाखवली. "मगदूमकाकूंच्या चष्म्याच्या काडीला चिकटवणार. चष्म्याशिवाय त्यांचं पान हलत नाही, त्यामुळे झोपेपर्यंत ती कानाशीच राहील. टिकलीशी तुमच्या पंख्याचा किती आवाज आहे, तो आकडा थेट कक्षाला जाईल."

"आणि बाकीचा आवाज?"

"तो मारता येत नाही. सरकवता येतो. एका जागी कमी केला की दुसरीकडं जमा होतो."

"रंध्याखालनं निघालेलं लाकूड कुठंतरी ढीग होऊन पडणारच," हिंदुराव म्हणाले.

"अगदी तसंच."

"त्यांचा टीव्ही, फोन?"

"प्रतिनाद फक्त तुमच्या पंख्याचा. बाकी सगळं जसंच्या तसं. उलट घुमी गेल्यावर कुणी वाटी पाडली तरी खणखणीत ऐकू येईल."

भोंगे बसले, टिकली लागली, पंखा सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी आकडा आला बावन्न.

दुसऱ्या दिवशी पंचावन्न. तिसऱ्या दिवशी सकाळी दहा मिनिटं एकोणतीस आला, हिंदुरावांनी मूठ आवळली, आणि लगेच परत चौपन्न. प्रतिनादाचं गणित चुकत नव्हतं. शांतबिंदू इमानदारीनं टिकलीकडं जायचा, आणि तो पोचला की टिकली तिथून निघून गेलेली असायची. तहसीनबाईंनी मागोवा दुप्पट वेगवान केला. आकडा सत्तावन्न.

एकविसाव्या दिवशी त्या मगदूमांच्या घराचा नकाशा घेऊन आल्या. जिथं आवाज जमा होत होता तिथं लाल पट्टे. टिकली जिथं थांबली होती तिथं काळे ठिपके.

हिंदुरावांनी चष्मा कपाळावर सरकवून नकाशा नाकाशी धरला. पॅटर्नमध्ये खोट कुठं आहे हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"ठिपके सगळे लालवरच आहेत की."

"तेच तर. घरात निम्मी जागा बरी असताना काकू नेमक्या वाईट जागी जाऊन बसतात. योगायोग म्हणावा तर एकवीस दिवस?" त्या वैतागल्या होत्या. "मी जाऊन बोलते त्यांच्याशी. सरळ सांगते, काकू, जरा एका जागी बसा, नऊ दिवसांत आकडा खाली आला नाही तर त्यांची शेड बंद होईल."

त्या बोलून आल्या. काकूंनी ऐकून घेतलं आणि चहा दिला.

आणि बाविसाव्या दिवशी आकडा आला अकरा.

दिवसभर अकरा! तेविसाव्या दिवशी अकरा. चोविसाव्याला, पंचविसाव्याला अकरा. कक्षाच्या पोर्टलवर हिरवी खूण आली. हिंदुरावांनी अठरावं स्टूल पूर्ण केलं, त्यावर बसून चहा प्यायला आणि जिंकल्यासारखं काहीच का वाटत नाही, याचा विचार करत राहिले.

सव्विसाव्या दिवशी सकाळी साडेअकराला तहसीनबाईंचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"काका, पंखा चालू आहे?"

"आहे. का?"

"आकडा फार चांगला आहे. एवढा चांगला येऊच शकत नाही. मी आत्ता मागोव्याची नोंद बघितली. टिकली चार दिवसांत एक सेंटीमीटरसुद्धा हललेली नाही. काका, माणूस झोपला तरी त्याची मान हलते."

हिंदुरावांनी फोन तसाच बाकावर टाकला. चपला घालायचं भान राहिलं नाही. फाटक ओलांडताना त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, की चार दिवस आपण अकरा आकडा बघून मान डोलवत बसलो होतो.

"वहिनी! वहिनी!"

पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. घरात कुणी नव्हतं. फ्रिजवर, विणलेल्या रुमालावर, चष्मा घडी घालून ठेवला होता. काडीला काळी टिकली.

राजमतीबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. धुण्याच्या दगडाशेजारी, सामाईक भिंतीला कान लावल्यासारख्या. मांडीवर ताट होतं आणि त्या चुक्याची पानं बोटांनी चाचपून निवडत होत्या. तिथं घुमी इतकी जमली होती की हिंदुरावांना ती छातीत जाणवली.

"कोण?" त्यांनी डोळे बारीक केले. "अभिनंदन? तू आलास?"

"मी. चौगुले."

"अगं बाई! भावजी?" त्या घाईनं उठल्या, पानं सांडली. "पंखा तर चालू हाय. मग तुम्ही हितं कसे?"

हिंदुराव दगडावर बसलेच. "मला वाटलं... जाऊ द्या काय वाटलं ते. चष्मा का काढून ठेवलाय?"

राजमतीबाई खाली बसून सांडलेली पानं हातानं शोधायला लागल्या.

"तक्रार माझी नव्हे, भावजी. लेकानं, अभिनंदननं केली, कॅनडातनं. व्हिडिओवर त्याला आवाज आला. आईच्या कानाला जपतोय म्हणे! तक्रारीचं खातं त्याच्या नावावर, मागं घ्यायची तर तोच घेणार, आणि तो ऐकत नाही. मला वाटलं, लावू दे टिकली. पण लावली आणि तुमचा आवाजच गेला."

"तेवढ्यासाठी तर लावली होती."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" त्या एकदम चिडल्या. "मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. मला आवाज समजतो. करवत लागली की तुमचा पंखा जरा बसतो. लेथ लागला की थरथरतो. अकराला चहा. एकला जेवण. कधी वेळेवर सुरू झाला नाही, तर मी दोनदा फाटकापर्यंत येऊन जाते. दिवसभरात माणसाचा म्हणून तेवढाच आवाज असतो ह्या घरात. म्हणून जिथं मोठा यायचा तिथं जाऊन बसत होते. शेड बंद पडेल हे मला कुठं ठाऊक? त्या बाईंनी सांगितलं, त्याच दिवशी चष्मा काढून ठेवला. शून्य चष्म्यापाशी राहू दे म्हटलं."

"आणि दिसतं किती?"

"हात दिसतो. बोटं दिसत नाहीत. चालतंय की. बघायचं काय आहे एवढं?"

हिंदुरावांनी आयुष्यात पुष्कळ मापं घेतली होती. पण आपला आवाज ऐकायला कुणी डोळे बाजूला काढून ठेवील, हे त्यांच्या कुठल्याच मापात बसेना. ते उठले, आत गेले, आणि खिशातल्या बारीक पटाशीनं चष्म्यावरची टिकली अलगद सोडवली. चष्मा आणून राजमतीबाईंच्या हातात दिला.

"घाला. आकड्याचं मी बघतो."

दुपारी तहसीनबाईंना त्यांनी फोनवर एकच विचारलं. "टिकली माझ्या चष्म्याला लावली तर?"

"तर शांतबिंदू तुमच्या कानाशी येईल. तुमचा पंखा तुम्हालाच ऐकू येणार नाही. जमा झालेला आवाज पलीकडं जाईल." मग त्या म्हणाल्या, "कक्षाला फक्त आकडा जातो, काका. कान कुणाचा, हे त्या आकड्यात नसतं. मी काही बघितलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुरावांनी टिकली आपल्या चष्म्याच्या काडीला चिकटवली. आज मशीन नव्हतं, स्टुलाच्या पायांना हातानं पॉलिशपेपर मारायचा होता. पण पूड ती पूडच. त्यांनी पंख्याचं बटण दाबलं. पाइप थरथरला, पूड पाइपात ओढली जाऊ लागली. आवाज मात्र नाही. आठ वर्षांत पहिल्यांदाच चालू शेडमध्ये त्यांना कागदाची खरखर ऐकू आली. आपला श्वास ऐकू आला. शेड भलतीच मोठी आणि रिकामी वाटली. ह्यापुढं रोज असंच, त्यांच्या मनात आलं. आवाज त्यांना, आणि ही शांतता आपल्याला.

आणि मग भिंतीपलीकडून कुणीतरी बोललं.

"...तर दूधवाला आज पण आला नाही. चुका शिजायला घातलाय. काल फार बिचकलात बघा, भावजी. अनवाणी आलात. मला दिसलं नाही, पण पाय वाजले न्हाईत त्यावरनं कळलं."

हिंदुरावांचा हात थांबला. त्यांना वाटलं कुणी आलंय. पण उत्तर देणारं दुसरं कुणी नव्हतं.

"चष्मा घातल्यावर बरं वाटतंय. पंखा पण आज खणखणीत लागलाय. काय करताय? लेथ न्हाई, करवत न्हाई. पॉलिश असंल." थोडं थांबून, "बरं. करा."

त्या थांबण्यात एका उत्तराची जागा होती. बरोबर मापाची. हिंदुरावांना ती ओळखू आली, कारण असं सवयीचं माप रोज घेतल्याशिवाय बसत नाही. पंख्याच्या आडोशाला, कुणाला ऐकू जाणार नाही अशा खात्रीनं, राजमतीबाई आठ वर्षं त्यांच्याशी बोलत आल्या होत्या. आणि ज्या पंख्याच्या भरवशावर त्या बोलत होत्या, त्याच पंख्यानं त्यातला एक शब्द इकडं येऊ दिला नव्हता.

"जेवायला काय केलंय आज?" पलीकडून प्रश्न आला. आणि पुन्हा तेवढीच जागा.

"काही नाही अजून," हिंदुराव म्हणाले.

"करा काहीतरी. नुसता भात खाऊ नका," त्या म्हणाल्या, पण ते उत्तर त्यांचं त्यांनीच गृहीत धरलेलं होतं. हिंदुरावांचं बोलणं तिकडं पोचलंच नव्हतं. सगळी घुमी तिथं जमली होती. इकडून ऐकू येत होतं, तिकडं जात नव्हतं, आणि ते असंच असणार होतं. जोवर पंखा चालू आहे तोवर.

बंद केला, तर त्यांना कळणार की आपलं ऐकू जातं. मग कदाचित त्या पुन्हा कधीच बोलणार नाहीत. हिंदुराव बटणावर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. अकराच्या चहानंतर एकच्या आधी हा पंखा कधी थांबला नव्हता.

त्यांनी बटण दाबलं.

पलीकडे राजमतीबाई वाक्याच्या मध्येच थबकल्या.

"नुसता भात नाही खात, वहिनी," हिंदुराव भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले. "भाकरी येते मला करायला."

वाटी पडल्याचा आवाज आला. खणखणीत.

"कधीपासनं ऐकू येतंय?" मग पलीकडून आवाज आला, अगदी बारीक.

"आजच."

"म्हणजे आधीचं काहीच नाही?"

"काहीच नाही."

पायरीवर पदर सावरल्याची सळसळ ऐकू आली, वाटी उचलल्याचा आवाज आला.

"मास्तर गेले ना," त्या म्हणाल्या, "त्याच्या तेराव्या दिवशी तुम्ही पंखा लावलात. तिथनं सांगते."

हिंदुरावांनी एक स्टूल भिंतीपाशी ओढून घेतलं.