मागची बॅटरी

"भावसिंगनं माझ्या बाबांना मारलं. एवढं सिद्ध करून द्या," राधिका उभ्यानेच म्हणाली.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर भिवाजी खंदारे हिंगोलीत खासगी तपासाची कामं घेत. सोबतीला जळबा, माजी हवालदार. त्याला आरोपी पहिल्या पाच मिनिटांतच सापडे.

"बसा, ताई. पहिल्यापासून सांगा."

राधिकाचे वडील रखमाजी हे जनावरांचे निवृत्त डॉक्टर. मेंढ्यांच्या कळपांमागे फिरता यावं म्हणून त्यांनी जुन्या मॅटाडोरमध्ये घरच थाटलं होतं. पलंग, पंखा, औषधांची पेटी, दम्याचं वाफेचं मशीन. हे सगळं मागच्या वेगळ्या बॅटरीवर चाले. इंजिन चालू असलं की डायनामावर पुढची आणि मागची, दोन्ही बॅटऱ्या भरत.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघाले. सहाव्या दिवशी भर दुपारी वारंगा फाट्याजवळ दम लागला. मशीन लावलं, तर बॅटरी मेलेली. आमच्या ड्रायव्हरनं, भावसिंगनं, गाडी कळमनुरीकडे पळवली. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं."

"गाडी लगेच चालू झाली?"

"हो. पुढची बॅटरी ठणठणीत होती. मागची पोळ्यालाच गुलाबचंदकडून घेतलेली. यानं नवी विकली आणि जुनी बसवली. तेराव्याला कळमनुरीच्या सगळ्या लोकांसमोर मी तसं बोलले. सोमवारी पोलिसांत तक्रार देते."

"गाडीचं काम कोण बघायचं?"

"तोच. पण दसऱ्याआधी आठवडाभर तो गोरेगावला लेकीकडे होता. यंदा खंडेनवमीला गाडी मी नटवली." तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "वरून पांढरी, खालून काळी. पाना धरायला बाबांनीच शिकवलेलं. खालचा एकेक बोल्ट खोलला, रंगवला, परत कसला. पूजेला बाबा नुसते गाडीभोवती फिरत होते."

जळबा बाहेर येताच म्हणाला, "डायव्हरच. लिहून घ्या."

दुकानदार गुलाबचंदने गाडीतली मागची बॅटरी दिवसभर चार्जिंगला लावून तपासली होती. "नंबर तोच, साहेब. माल माझा आहे. आतली सहाही घरं बराबर. बॅटरीत काहीच खोट नाही."

"म्हणजे यानंच खराब माल देऊन आता गुपचूप दुरुस्त केला," जळबा कुजबुजला. ते ऐकू गेलं.

"हवालदार, तुमचं डोकं ठेवून जा इथं. फुकट चार्ज करून देतो."

भावसिंग कळमनुरीच्या स्टँडजवळ चहाच्या टपरीवर एकटाच बसला होता.

"वीस वर्सं स्टेअरिंग धरलं, सायब. आता कोणी रिक्षाबी हाती देऊन न्हाई राहिलं."

"बॅटरी विकली?"

"न्हाई."

"मग ती मेली काहून?"

"ठाव न्हाई."

"गाडी कोणी रंगवली?"

भावसिंगने कप खाली ठेवला. "म्या."

"खालून बी?"

"व्हय. सगळी म्याच."

जळबा बाहेर येऊन मांडीवर थाप मारत म्हणाला, "पाहिलं? नजर चोरून राहिला!"

"खोटं बोलला खरा," भिवाजी म्हणाले.

दोन दिवसांनी राधिकाच्या अंगणात मॅटाडोर चालू करून भिवाजींनी राधिका, भावसिंग, गुलाबचंद आणि जळबा या चौघांनाही जवळ बोलावलं. हातात व्होल्ट मोजायचा मीटर होता.

"पुढची बॅटरी. चौदा. म्हणजे डायनामा नीट आहे. आता मागची. साडेबारा. भरत नाही. लाल तार तिच्याच प्लसवर ठेवतो, काळी मात्र इंजिनाच्या लोखंडाला लावतो. बघा."

काटा चौदावर गेला.

"येणारी वायर नीट आहे. परतीची वाट बंद आहे. गाडीत ती वाट म्हणजे खालचं लोखंड. बॅटरीची मायनस वायर त्याला बोल्टनं आवळलेली असते. उघड्या लोखंडाला वायर भिडली पाहिजे."

"मग पंखा कसा चालला?" जळबाने विचारलं.

"पंखा आणि मशीन थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडलेत. त्यांना लोखंडाची गरज नाही. वापर चालू, भरणं बंद. पाच दिवस पुरली."

त्यांनी गाडीखाली शिरून बोल्ट सोडवला. वायरच्या टोकाखाली काळा रंग होता, चकचकीत, कुठेही न फुटलेला.

"बॅटरी बदललेली नाही, नंबर तोच. खराब नाही, चार्ज धरते. उरला हा रंग. भावसिंग म्हणतो, रंग त्यानं दिला. पण त्या आठवड्यात तो गोरेगावला होता. स्वतःला वाचवायला माणूस खोटं बोलतो. यानं अंगावर ओढून घ्यायला खोटं सांगितलं."

राधिकाने हात पदराखाली घेतले.

"मला हा रंग गुपचूप खरवडून टाकता आला असता," भिवाजी म्हणाले. "दोन दिवस तोच विचार केला. पण मग याच्यावरचा डाग राहिला असता."

"मशीन चाललं असतं तर बाबा वाचले असते?"

"ते मीटरवर दिसत नाही, ताई."

ती भावसिंगकडे वळली. "तुम्हाला कधी कळलं?"

"गाडी परत आणली तवा. खाली वाकून पाह्यलं."

"मग सांगितलं काहून नाही? मी तुम्हाला काय काय बोलले..."

"डॉक्टर सायब मेंढ्यांच्या दर वाड्यावर गाडी दावायचे. माह्या पोरीनं रंगवली म्हनायचे." भावसिंग गाडीकडे पाहत राहिला. "बाप तर गेला. वर हे वझं लेकराच्या डोस्क्यावर कसं ठेवू?"

जळबाने टोपी काढली, पण हातात धरून तिचं काय करावं ते त्याला सुचेना.

राधिकाने पायात चपला सरकवल्या आणि मॅटाडोरचं दार उघडलं.

"चला भाऊ. कळमनुरीला. तेराव्याला होते त्या सगळ्यांना मला सांगायचंय."

"आज तिथं बाजार हाय, ताई. लई मान्सं असतील."

"म्हणून तर आजच. गाडी तुम्ही चालवा."