मावशी, तेहतीसच्या वेगाने

दारावर टकटक झाली तेव्हा ती खोलीत येरझाऱ्या घालत होती. सिनेमाचं संकलन म्हणजे खरं तर बैठं काम, पण हिला बसणं कधी जमलंच नाही. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी आणि माझ्या जिवाला घोर!" तेव्हापासून सगळे तिला भिंगरीच म्हणत.

दारात पांढऱ्या कोटातला एक उंच तरुण उभा होता.

"मी वरच्या मजल्यावरचा. दातांचा डॉक्टर."

"माझे दात ठणठणीत आहेत."

"माझे पेशंट नाहीत ना! आठवडाभर तुमचं एकच गाणं फरशीतून वर येतंय. काल एक आजोबा खुर्चीत बसल्या बसल्या ढसाढसा रडले. अजून मी हत्यारही लावलं नव्हतं हो!"

तिला हसू फुटलं... आणि लगेच अंगावर काटाही आला.

"रडले? खरंच? म्हणजे लागू पडतंय!"

"मी तक्रार करायला आलोय," तो म्हणाला. पण आवाजात तक्रार कमी आणि कुतूहलच जास्त होतं. "आहे तरी काय हे?"

विचारायचाच अवकाश, तिची गाडी सुटली. रद्दीच्या ढिगात सापडलेली गाण्याची जुनी तबकडी. नाव 'झाडावर मासे'. चाली साध्या, शेतात गुणगुणाव्यात अशा. पण मधेच तारा उलट्या वाजल्यासारख्या, घंटा पाण्याखाली बुडाल्यासारख्या... सायकेडेलिक फोक म्हणतात याला. तिच्या सिनेमाच्या शेवटी एक म्हातारा बाप कोरडी नदी ओलांडून मुलाकडे जातो, आणि त्या चालण्याला जगात हेच एक गाणं पुरतं!

"पण गायकाचा पत्ताच नाही हो. शुक्रवारी सिनेमा द्यायचाय. परवानगी नाही मिळाली तर गाणं काढावं लागेल. आणि खरं सांगू?" ती खिडकीकडे वळली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. "मी त्या आवाजाच्या प्रेमातच पडलेय. इतका धीरगंभीर पुरुष..."

त्याने तबकडीचं कव्हर उचललं. उलटलं, पालटलं.

"ही कव्हरं आमच्या घरी कुंड्यांखाली आहेत."

"काय?"

तो वाकला आणि त्याने फिरत्या तबकडीच्या यंत्रावरची छोटी कळ सरकवली. तबकडी भरभर फिरू लागली, आणि त्या धीरगंभीर पुरुषाच्या गळ्यातून एक अवखळ, कोवळी बाई उडी मारून बाहेर आली!

"ही पंचेचाळीसच्या वेगाची तबकडी आहे, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची. तुम्ही तेहतीसवर लावलीत. आणि तुमचा तो पुरुष..." त्याने हसू दाबलं, "माझी मावशी आहे."

भिंगरी मटकन खुर्चीत बसली.

मावशीकडे जायला जिना उतरताना मात्र त्याचा चेहरा बदलला. "ऐका. गाणं निघालं तेव्हा सगळ्या तबकड्या न खपता परत आल्या होत्या. लोकांनी तिची टर उडवली. ती पुन्हा कधी गायली नाही. घरात तो विषय कुणी काढत नाही. तुम्ही तिला तो... तो पुरुषी आवाज ऐकवू नका. सरळ वेगाचं गाणं मागा, तेच सिनेमात लावा."

"सरळ वेगाचं लावलं तर माझा म्हातारा नदी ओलांडत नाही, धावत सुटतो!"

"मी थट्टा करत नाहीये. तिचं पुन्हा हसं झालेलं मला बघवणार नाही."

"आणि मी तिच्यापासून लपवलं, तर ते बघवेल?"

बसमध्ये तो मधली एक सीट सोडून बसला. तिला गाण्याची काळजी होतीच. पण आता या रागावलेल्या माणसाचीही का वाटावी?

मावशी कपड्यांना इस्त्री करत होती. हिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, वेगाची चूकसुद्धा. मग फोनवर ते गाणं लावलं. तसंच. संथ.

इस्त्री थांबली. वाफ तेवढी फुसफुसत राहिली. भाचा खिडकीबाहेर बघत होता.

"हा बाप्या कोण?" मावशीने विचारलं.

"तुम्हीच."

मावशी ऐकत राहिली. कडवं संपलं. मग ती हळूच म्हणाली, "कंपनीवाला घड्याळ दाखवत होता. गाणं लांबतंय बाई, उरका लवकर. उरकलं मी. पण माझ्या मनात ते असंच होतं... असंच पाय ओढत चालणारं." तिने पदराने डोळे टिपले. "घ्या तुमच्या सिनेमाला. पण नाव माझं लावा हं. त्या बाप्याचं नको!"

भाचा हसला. मग भिंगरीकडे बघून पुटपुटला, "चुकलो मी."

"कबूल. आता चहा तरी टाका."

चोच देणारा चाराही देतो म्हणतात. आवाज देणाराही कान देऊनच ठेवतो. फक्त ते कान कधीकधी फार उशिरा पोहोचतात. सिनेमा पडद्यावरून लवकरच उतरला. गाणं उतरलं नाही. पोरंपोरी ते ओठांवर घेऊन फिरू लागली, तबकडी नव्याने निघाली, आणि "सरांशी बोलायचंय" म्हणून येणाऱ्या फोनवर मावशी खुशाल सांगू लागली, "सरच बोलतायत!"

या निमित्ताने भिंगरी आणि डॉक्टर भेटत राहिली. मावशीला मुलाखतीला न्यायचं, मावशीचा फोटो द्यायचा... मावशी पुढे आणि ही दोघं मागे, अहो-जाहो करत. भिंगरीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. बोलावं? आणि त्याने हसून सोडून दिलं तर?

लोकांनी मागितला म्हणून सिनेमा पुन्हा लागला. पहिल्या खेळाला मावशीने यायचं टाळलं होतं. या वेळी ती आली, मधल्या रांगेत बसली. भिंगरी मागे दाराशी उभी. म्हाताऱ्याने नदी ओलांडली, नावं वर सरकू लागली. आता लोक उठतील, खुर्च्या खडखडतील... तिने डोळे मिटून घेतले.

कुणीच उठलं नाही. अंधारात आधी एक आवाज गुणगुणला, मग दुसरा, मग सगळी रांग. आणि त्यांत एक जाड, थकलेला, सुरेल आवाज. मावशीचा!

शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"मावशीजवळ बसा ना," ती कुजबुजली. "एकटी आहे ती."

"ती एकटी नाहीये. तू आहेस."

भिंगरीने डोळे उघडले. "...तू?"

"तू," तो म्हणाला. या वेळी हसला नाही.

"मग मलाही म्हणावं लागेल."

"म्हण की."

किती साधा शब्द! पण जिभेवर येईना. तिने पडद्याकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं...

"तू... उद्या दवाखाना किती वाजता बंद करतोस?"