सातवी चकती

विश्वास ठेवा, नका ठेवू. माझ्या हातून घडलंय, म्हणून सांगते.

रविवार होता. भरदुपारचे साडेतीन. लॅबमध्ये मी एकटीच.

आमचं काम सुगंधी तेलं तपासायचं. तेलात काय काय आहे ते मशीन सांगतं. जंतूंवर ते चालतं का, ते आम्ही बघतो. प्लेटवर जंतू पसरायचे, वर तेलात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या. तेल चाललं, तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो.

त्या वेळचे जंतू माझ्या दादाच्या जखमेतले होते.

दादाचा पाय सडत चालला होता. एकही अँटिबायोटिक लागू पडत नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले. बुडत्याला काडीचा आधार, तशी मी चोरून एकेक तेल लावून बघत होते. चौतीस झाली. सगळी फुकट. वहिनीचा रोज फोन, "काही मिळालं का गं?" मी म्हणायचे, "उद्या बघू."

शनिवारी शेवटची सहा तेलं लावली. सहा चकत्या, पेन्सिलने आकडे घालून. जंतू वाढवायच्या उबदार कपाटाला, इन्क्युबेटरला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये.

रविवारी प्लेट काढली...

चकत्या सात होत्या.

सातवी मधोमध. आकडा नाही. कडा ओबडधोबड, आमच्या बाई जुन्या पंचने कापायच्या तशा. बाई आमच्या हेड. मला चिमटा धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. तो पंच आम्ही कधीच भंगारात दिला होता.

सहा चकत्यांभोवती जंतू दाट. सातवीभोवती अंगठ्याएवढा स्वच्छ गोल.

माझं डोकंच फिरलं. वाटलं, कुणीतरी चेष्टा केली, अँटिबायोटिकची चकती टाकली. किल्ली माझ्याकडे होती, हेसुद्धा सुचलं नाही. आमच्याकडे नियम आहे, प्लेटमध्ये उपरं काही दिसलं की प्लेट बाद. मी ती तडक ऑटोक्लेव्हमध्ये टाकली. मोठा प्रेशर कुकरच तो. झाकण आवळलं, बटण दाबलं.

वाफ चढली. आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली...

या जंतूंवर तर कुठलंच अँटिबायोटिक चालत नव्हतं.

मग तो गोल कशाचा?

इतक्यात आतून आवाज आला.

टक... टक... टक...

कुणी चिमट्याने काच वाजवावी तसा.

मी झाकणाशी झोंबले. वाफ असताना ते उघडत नाही, मला माहीत होतं. तळवे भाजले. "बाई, थांबा. उघडते मी, थांबा," मी रडत म्हणत होते.

दाबाचा काटा वर गेला. आवाज थांबला.

नंतर आत नुसता लगदा. तोही मशीनवर घातला. सरळ रेघ आली. काहीच नव्हतं त्यात.

दादा बुधवारी गेला. वहिनीला मी यातलं अजून काही सांगितलेलं नाही.

त्याचे जंतू मी फ्रीजरमध्ये जपून ठेवलेत. तीच सहा तेलं दर शनिवारी लावते. रविवारी प्लेट उघडायच्या आधी बाईंना हाक मारते, मग चकत्या मोजते.

सहाच असतात.