चौथं पोर

"लाइट येईल तेव्हा येईल. मोबाइल खाली ठेवा," दिगंबरकाका म्हणाले. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही पोरंपोरी त्यांच्याभोवती बसलो होतो. "आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर जमणार नाही."

मग ते सांगू लागले.

मी विश्रांतवाडीला राहायचो तेव्हा सर्जेराव माझा शेजारी. पोलिसात फौजदार. एक मे, साल चौऱ्याऐंशी. सकाळी परेडवर त्याला शौर्यपदक मिळालं. त्यासाठी वडील गावाहून आले होते. रात्री त्यांना एस.टी.त बसवायला तो राजदूत मोटरसायकलवरून स्वारगेटला गेला. वर्दीतच. म्हाताऱ्याचा हट्ट, "स्टँडवर लोकांना दिसू दे की!" गाडी सुटली, हा परत निघाला.

पदक कशाचं, ते आधी सांगतो. आदल्या हिवाळ्यात आळंदी रोडला एक गोदाम पेटलं. वरच्या खोलीत मथुराबाई भाड्याने राहायची. ती कामावर, पोरं वर अडकलेली. सर्जेराव तीनदा जिना चढला. दोन खेपांत दोन पोरं आणली. तिसऱ्या खेपेला एक कडेवर घेतलं, तेवढ्यात धुरातून आणखी एक पाठीवर चढलं. गळ्याला घट्ट मिठी. हा म्हणाला, "धरून बस. घरी सोडतो तुला."

अंगणात आला. पाठीवर कुणीच नाही.

तो परत वर धावला, तर लोकांनी धरून ठेवला. तोवर छप्पर खाली आलं. मथुराबाई त्याचे पाय धरून सांगत होती, "सायेब, माझी तिन्ही मिळाली. मला तीनच हायत!" दुसऱ्या दिवशी राख उपसली. काही सापडलं नाही. पण सर्जेराव मला म्हणायचा, "अरे, पाठीवरचं ओझं मला कळत नाही का?"

"मग चौथं कुणाचं?" उल्काने विचारलं.

"ते कळलं असतं तर तुम्हाला कशाला सांगत बसलो असतो?"

कुणी हसलं नाही.

तर त्या रात्री चंद्र नव्हता. बंडगार्डनच्या पुलावर गाडी मागून दबली. कुणीतरी बसावं तशी. सर्जेरावने आरशात पाहिलं. रिकामा रस्ता. मग गळ्याभोवती दोन हात आले. बारीक. गारठलेले.

"काका... घर आलं?"

त्याने गाडी थांबवली नाही. थांबवायची हिंमतच नव्हती. येरवडा मागे पडला. मिठी सुटेना. आळंदी रोडला ते जळकं गोदाम दिसलं. तिथे त्याने ब्रेक दाबला.

"उतर बाळा. आलं."

"इथं नको... इथं पोळतं."

"मग कुठं सोडू? घर कुठं तुझं?"

मिठी घट्ट झाली.

"आईचं नाव काय?"

कानाशी, अगदी हळू, "तुम्ही म्हणालात, सोडतो."

पुढच्याच वळणावर सर्जेरावचं घर. घरात विजयमालावहिनी, पाळण्यात सहा महिन्यांची लेक. हे घेऊन तिथे जायचं? झटकून पळायचं? हात गळ्याशी आवळत चालले. श्वास अडकला.

त्याने गाडी स्टँडवर लावली. गोदामासमोर रस्त्याच्या कडेला, दगडावर बसला.

"नाही जात मी," तो म्हणाला. "झोप तू. मी आहे."

आणि डुलायला लागला. लेकीला झोपवायचा, तसा. मागे हात नेऊन थोपटायला लागला. हाताला काही लागत नव्हतं... तरी थोपटत राहिला. कुत्री गप्प. रस्ता गप्प. कधीतरी मिठी सैल झाली. कधी, ते त्याला कळलं नाही.

उजाडताना मी दूध आणायला निघालो, तर हा दारात उभा. डोळे लाल. वहिनी म्हणाल्या, "अहो, रात्रभर होता कुठे? आणि हे खांद्याला काय?"

डाव्या खांद्यावर ओला डाग होता. झोपलेल्या पोराची लाळ गळते ना... तसा.

सर्जेराव जाऊन बारा वर्षं झाली. वहिनींनी तो वर्दीचा शर्ट कितीदा धुतला, उन्हात घातला. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. कपाट उघडून म्हणाल्या, "हात लावून बघा."

लावला.

अजून ओला आहे.